कुतुबखान्याचा पोळा

दोन अलमाऱ्यांच्या फटीतून मोजपट्टीचं टोक आत आलं, आणि पाठोपाठ आवाज आला, "येडबा, धर रे हे घट्ट. मागल्यावानी सोडून देऊ नको."

येडबा हा कुतुबखान्याचा शिपाई. तो चहा आणायला गेला होता, म्हणजे तासाभराची निश्चिंती होती. अलमारीमागे स्टुलावर उभी होती ती प्रयाग, इथली ग्रंथपाल. हातात फडकं, नाकाच्या शेंड्यावर धूळ. टोक तसंच लोंबू द्यावं असं तिला वाटलं. पण टोकामागचा आवाज बरा होता, उगीच खोटं कशाला सांगा... तिनं ते चिमटीत धरलं आणि गप्प उभी राहिली.

"ताण की जरा! सकाळी भाकर खाल्ली न्हाईस का?"

प्रयागनं ताणलं. असं ताणलं की पलीकडे खुर्ची आडवी झाली आणि कुणीतरी "अगं माय!" म्हणून ओरडलं.

"खाल्ली की," ती म्हणाली. "चांगली चवड खाल्ली."

मग अलमारीच्या कडेनं एक डोकं हळूच आलं. कुरळे केस, कानावर पेन्सिल, आणि गुडघा चोळत असल्यामुळे वाकलेलं अंग.

"तुमी... येडबा न्हाई."

"आणि तुमी भूमापनवाले न्हाई. पट्टी उलटी धरलीय."

त्यानं पट्टीकडे बघितलं. खरंच उलटी होती. "मी भुजंग. शाळेत चित्रकला शिकवतो."

"नाव भुजंग, आणि एका हिसक्यात आडवे?"

"काय करावं," तो म्हणाला, "तुमची ओढच लय..." आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्याचे कान लाल झाले. दाराच्या वरच्या तांबड्या काचेतून उन्हाचा कवडसा त्याच वेळी त्याच्यावर पडला होता, म्हणून बऱ्यापैकी निभावलं.

जिंतूरचा हा कुतुबखाना निजामाच्या अमलात एका हौशी तहसीलदारानं बांधलेला. दगडी कमानी, उंच छत, दारांवर रंगीत काचा. कुतुबखाना म्हणजे ग्रंथालय, हे ठाऊक नसलेला माणूससुद्धा गावात पत्ता सांगताना "कुतुबखान्याच्या पुढं" असंच सांगायचा. आता वरून हुकूम आला होता की पुस्तकं परभणीच्या मोठ्या ग्रंथालयात जातील, आणि या इमारतीत लोकांच्या हातच्या कलेचं संग्रहालय होईल. ते मांडायचं काम भुजंग मास्तरांकडे आलं. पुस्तकं बांधायचं काम प्रयागकडे.

म्हणजे एकानं घर भरायचं आणि एकीनं ते रिकामं करायचं. अशा दोन माणसांनी भांडावं हे रीतसर होतं, आणि प्रयाग रीतीला चुकणारी नव्हती.

माणसं ती पुस्तकांवरून जोखायची. कोण पुस्तक वेळेवर परत करतो, कोण पानाचा कोपरा दुमडतो, कोण जाडजूड ग्रंथ काखेत मारून बाजारातून दोन चकरा मारतो आणि तसाच आणून देतो. या सगळ्याची नोंद तिच्या डोक्यात पक्की असायची. भुजंगची नोंद पहिल्या दिवशी अशी झाली: बडबड्या. पट्टी उलटी धरतो. डोळे बरे आहेत. शेवटचं कलम तिनं खोडलं. पण खोडलेलं कलमही वाचता येतंच की.

ते साल लागोपाठच्या दोन दुष्काळांनंतरचं. उन्हाळा संपायचा होता, गोठे अर्धे ओस होते. भुजंग सायकलवर गावोगाव हिंडला आणि लोकांनी त्याला हात सैल सोडून सामान दिलं. बैलांच्या भरतकामाच्या झुली, घागरमाळा, लोकरीचे गोंडे, कवड्यांचे पट्टे. आश्रुबा नावाच्या म्हाताऱ्यानं आपली तांबडी झूल देताना म्हटलं होतं, "घेऊन जा, मास्तर. आता बैलच न्हाईत, तर झूल का मी पांघरू?" बायकांनी वाकळी दिल्या, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून हातानं शिवलेल्या. भुजंग सगळ्यांना एकच सांगायचा, "कुतुबखान्यात जमा करायलाय." लोक मान हलवायचे. कुतुबखान्यात जमा, म्हणजे काळजी नाही.

प्रयागच्या आईनं, मालनबाईनंही वाकळ दिली. निळी, पांढरी, मधे पिवळ्या तुकड्यांची चौकट. भीमनगरातून आलेली ती एकटीच वाकळ. ती कुठे लागते हे बघायला प्रयाग त्या दिवशी पुस्तकं बांधायची सोडून उगीच सुतळी गुंडाळत बसली. गावातली दोन शहाणी माणसं सल्ला द्यायला हजर होतीच.

"मास्तर, ही मधोमध कामून? कडंला लावा की."

भुजंग शिडीवर होता. तोंडात खिळे. त्यानं ते सावकाश काढले.

"मधोमध उजेड पडतो. आणि सगळ्यात चांगली वाकळ उजेडात लावतेत."

"तसं न्हाई, पण..."

"पण काय?"

भुजंगनं खिळा ठोकला. ठक्, ठक्. प्रयागनं सुतळीची गुंडी खाली ठेवली आणि त्याच्या नावापुढे एक मोठी रक्कम जमा केली. तोंडानं मात्र म्हणाली, "डावा कोपरा खाली आलाय, मास्तर."

"कुठं? सरळच हाय."

"तुमची नजर तिरकी असंल."

"नजर सरळच हाय, ग्रंथपालबाई," तो शिडीवरून तिच्याकडे बघत म्हणाला. "सारखी तिकडंच जायलीय, तिला मी काय करू?"

प्रयागनं सुतळीची गुंडाळलेली गुंडी पुन्हा उकलायला घेतली.

त्या साली पाऊस बरा झाला. ज्वारी कमरेला लागली, कापूस तरारला, आणि गावाचा चेहरा बदलला. कुणी नवी बैलजोडी आणली, कुणाच्या घरी दोन वर्षांनी पाहुणे यायला लागले. आणि एका बुधवारी केशरबाई डोक्यावरचा पदर सावरत कुतुबखान्यात आली.

"मास्तर, माझी वाकळ काढा खाली. जावई आलाय."

भुजंग हसला. "मावशी, ती आता संग्रहालयाची झाली."

"कुणाची?"

"संग्रहालयाची. म्हंजे सगळ्यांची."

"सगळ्यांची, तर माझी बी हायच की. काढा."

"अहो, एकदा दिली ती दिली!"

केशरबाईनं कपाळाला हात लावला. "अरं बाबा, कुतुबखान्यातून वस्तू नेतेत आणि आणून देतेत. माझ्या सासऱ्यापासून ही रीत हाय. ते पोथी न्यायचे, वाचायचे, आणून द्यायचे. तू म्हणलास कुतुबखान्यात जमा कर, म्हणून दिली. कायमची द्यायची असती तर ही दिली असती का? फाटकी दिली असती."

भुजंगनं मदतीसाठी प्रयागकडे बघितलं. प्रयागनं टेबलाचा खण उघडला आणि कोरं कार्ड काढलं.

"सात दिवसांची मुदत, मावशी. डाग पडू देऊ नका."

"बाई, काय करायलात!" केशरबाई वाकळ काखेत मारून गेल्यावर भुजंग कळवळून म्हणाला. "ही पुस्तकं न्हाईत!"

"मग?"

"बघायच्या वस्तू हायत!"

"कोणतं पुस्तक लवकर खराब होतं ठाऊक हाय का, मास्तर? जे कुणीच नेत न्हाई ते. त्यालाच कसर लागते." तिनं खण बंद केला. "माणसांचं बी तसंच हाय म्हणतेत."

"म्हंजे?"

"म्हंजे काही न्हाई. पाऊस यायलाय, खिडक्या लावा."

त्यानं खिडक्या लावल्या. एक खिडकी गंजून अडकायची, तिला दोघांचा जोर लागायचा. त्या दिवशी ती पहिल्या झटक्यात लागली, तरी दोघांचे हात गजावर जरा जास्तच वेळ राहिले... बाहेर कौलांवर सर वाजत होती. "लागली वाटतं," तो म्हणाला. "केव्हाच," ती म्हणाली.

मग रीघच लागली. भिंती कधी भरलेल्या, कधी दात पडल्यासारख्या. वस्तू मात्र परत यायच्या, कुणी उसवलेली कड शिवून आणायचं, कुणी धुऊन. भुजंगनं हळूहळू डोकं धरायचं सोडलं. जी वस्तू गेली तिच्या जागी तो खडूनं भिंतीवर तिचं चित्र काढून ठेवायचा. प्रयागला ते इतकं आवडलं की ती कौतुक करायला विसरली.

मग उद्घाटनाचं पत्र आलं. मुंबईहून मोठे साहेब येणार. साहेबांच्या डायरीत जो दिवस मोकळा होता तो पोळ्याचा होता. मुंबईच्या डायरीत पोळा नसतो.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येणार," प्रयाग म्हणाली. ती शेवटच्या अलमारीतली पुस्तकं उतरवत होती.

"पुस्तकांचा?"

"पुस्तकांचा. आणि पुस्तकांच्या बाईचा. माझा हुकूम आलाय, परभणीला रुजू व्हायचंय."

भुजंग एका पाटीवर अक्षरं रंगवत होता. कुंचला थांबला. तो काहीतरी बोलेल म्हणून प्रयागनं एक पुस्तक तीनदा पुसलं. त्यानं कुंचला पाण्यात बुडवला, ढवळला, पुन्हा बुडवला.

"बरं," तो म्हणाला.

बरं! सबंध उन्हाळा जो माणूस भिंतीशीसुद्धा बोलला, त्याला नेमक्या वेळी एवढाच शब्द सापडावा? परभणीची जागा चांगली होती, पक्की होती. तिच्या वडलांनी, पंडित मास्तरांनी, त्यासाठी तिला कंदिलापुढे बसवून शिकवलं होतं. ती जाणारच होती, कुणी रडून अडवावं अशी तिची मुळीच इच्छा नव्हती. पण जाण्याआधी एक गोष्ट तिला ऐकायची होती, आणि ती स्वतःहून मागायची नाही असं तिनं ठरवलं होतं. त्यानंतर भुजंग दर रविवारी डोंगराकडच्या आपल्या वस्तीवर जायचा, सोमवारी जागरणाच्या डोळ्यांनी यायचा, आणि कामाचं तेवढं बोलायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला मुलगा, भीमनगरातली मुलगी. गप्प बसायला कारण काय असेल, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणूनच जास्त राग येत होता.

पोळ्याच्या सकाळी कुतुबखान्यापुढे उजाडल्यापासून गर्दी. "बाई, माझी झूल!" "माझी घागरमाळ!" "ताई, गोंडे आधी द्या, शिंगं रंगवून ठेवलीत!" आश्रुबा तर नवी खोंडं दारात घेऊनच आला होता. "पोरी, दोन साल झाले पोळा न्हाई केला," तो म्हणाला आणि खोंडांच्या पाठीवर हात फिरवत राहिला. प्रयागनं त्याची झूल स्वतः खाली उतरवून त्याच्या हातात दिली.

भुजंग दारात उभा होता. त्यानं एकालाही अडवलं नाही. फक्त आत वळून बघितलं. भिंतींवर खडूची चित्रं राहिली होती. वाकळीही गेल्या होत्या, घरोघर लेकी-जावई आलेले. एवढ्या मोठ्या दालनात एकच वस्तू उरली होती. मधोमध, उजेडात, मालनबाईची वाकळ. त्यांच्या घरी पोळा नसतो.

"साहेब काय म्हणतील?" येडबानं विचारलं.

साहेब आले, आत शिरले, आणि थांबले. भिंतींवरून नजर फिरवून त्या एका वाकळीपुढे बराच वेळ उभे राहिले. "बाकीचं सामान?"

भुजंगनं प्रयागकडे बघितलं. प्रयाग म्हणाली, "साहेब, जरा ओट्यावर यावं लागंल."

सगळे ओट्यावर आले आणि तेवढ्यात वेशीकडून वाजंत्री वाजली. बैल निघाले होते. तांबड्या झुली उन्हात पेटल्यासारख्या, घागरमाळांचा नाद एका लयीत, गोंडे डुलताहेत, शिंगं निळी-तांबडी. कुतुबखान्याच्या भिंतींवर जे इतके दिवस गुमान टांगलं होतं, ते सगळं पायानं चालत येत होतं. आश्रुबा खोंडांपुढे ताठ चालत होता, जणू झूल त्याच्याच अंगावर आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे सगळं तुमच्या संग्रहालयाचं?"

"आज न्हाई," भुजंग म्हणाला. "परवा परत येईल."

आमच्याकडे पोळ्याला बैलांचं लग्न लावतात. तोरण कुतुबखान्यापुढेच बांधलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, पितळी ताटातून ज्वारीच्या अक्षता वाटल्या गेल्या. ओट्याच्या पायरीवर प्रयाग आणि भुजंग शेजारी शेजारी, गर्दीनं एकमेकांना खेटलेले. "शुभमंगल सावधान" झालं आणि मागच्या बायकांनी ज्या अक्षता टाकल्या, त्या बैलांपर्यंत पोचल्याच नाहीत. सगळी मूठ या दोघांच्या डोक्यावर.

"अगं माय, चुकलं गं," केशरबाई मागून म्हणाली. पण तिचा आवाज चुकल्यासारखा नव्हता.

प्रयाग समोर बघत राहिली. भुजंगही. दोघांचे कान कोणत्या रंगाचे झाले होते हे लपवायला या वेळी काचेचा कवडसा नव्हता.

"आत कोण हाय गं? कुणी दावणार का आमाला बी?"

पायरीखाली खांद्यावर घोंगडी टाकलेली, उन्हानं रापलेली एक बाई उभी होती. भुजंगचा चेहरा उतरला. "आई," तो पुटपुटला.

भिवराबाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "ती पुस्तकवाली तूच का?"

"व्हय."

"मेंढरांला भितीस का?"

"मेंढरांला न्हाई," प्रयाग म्हणाली. "कुत्र्यांला भिते."

"आमच्या कुत्र्याला समदीच भितेत. चल, दाव."

दालनात दोघीच गेल्या. भिवराबाईनं रिकाम्या भिंती बघितल्या नाहीत, सरळ वाकळीपाशी गेली. पुढून बघितली. मग कोपरा उचलून मागची बाजू उलटी केली आणि बोटानं टाके चाचपत राहिली.

"कुणी शिवली?"

"माझ्या आईनं."

"मागून बी तितकीच सरळ हाय." तिनं कोपरा खाली सोडला, हातानं नीट बसवला. "खोटं कशाला बोलू, पोरी. पोरगं दर ऐतवारी येऊन डोकं खायलंय, आणि मी दर ऐतवारी न्हाईच म्हणलेय. लोक काय म्हणतील, भावकी काय म्हणंल... लय काटे होते मनात. अजून बी हायत थोडे." मग एकदम म्हणाली, "तुझी माय घरी हाय का? मला भेटायचंय."

पोळ्याच्या गर्दीतून भिवराबाई भीमनगराकडे चालत निघाली, भररस्त्यानं, पदर खोचून, मागून प्रयाग आणि भुजंग. बघणारे बघत होते. ती प्रत्येकाला बघू देत होती. मालनबाई दारात भांडी घासत होती. ती राखेच्या हातानं तशीच उठली, आत चटई शोधायला धावली. तोवर भिवराबाईनं खांद्यावरची घोंगडी काढून ओसरीवर अंथरली होती. आमच्याकडे धनगराची घोंगडी उठसूट कुणासाठी अंथरत नाहीत.

"बसा, मालनबाई," ती म्हणाली. "आधी तुमी बसा."

मालनबाईनं राखेच्या हातांकडे बघितलं. मग ती बसली.

पंडित मास्तरांनी चष्म्यावरून एकच विचारलं, "पोरीची नोकरी सुटणार न्हाई ना?"

"सुटून कसं चालंल?" भिवराबाई म्हणाली. "आमच्याचा अर्धा पगार रंगातच जातो."

बाहेर लिंबाखाली भुजंग उभा होता. प्रयाग त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, हाताची घडी घालून.

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"आणि मला 'बरं'?"

"आई म्हणली होती, मी बघितल्याबिगर त्या पोरीला शब्द देऊ नको. उद्या मोडला तर तिची आब जाती." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "आईनं न्हाई म्हणलं असतं तरी मी... पण तुमाला अर्धवट काही द्यायचं नव्हतं."

प्रयागच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते धुरावर ढकललं, जवळपास कुठेही चूल पेटलेली नसताना.

"तुमी परभणीला जा," तो म्हणाला. "मी अडवायलो न्हाई. फक्त... माघारी याल तेव्हा कुणाकडं याल, एवढं सांगून जा."

"आमच्यात मंगलाष्टकं नसतात, मास्तर."

"बैलांची झाली की. तेवढी पुरे."

ती हसली. मग गंभीर झाली, आणि पहिल्यांदाच कसलीही फोडणी न देता बोलली, "तुमच्याकडं येईन. शनिवारच्या एसटीनं."

दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. शनिवारची एसटी मात्र चिखलामुळे उशिरा, दिवेलागणीला स्टँडात शिरली. भुजंग दुपारपासून तिथं होता, हे स्टँडवरच्या चहावाल्यानं नंतर सगळ्या गावाला सांगितलं. गाडी थांबायच्या आधीच तो तिच्या अंगानं पळत एकेका खिडकीत डोकावू लागला. पुढची खिडकी, नाही. मधली, नाही. प्रयाग मागच्या बाकावर होती. तिनं त्याला केव्हाच बघितलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. आयुष्यात कुणी तिला असं शोधलं नव्हतं... अजून एक खिडकी शोधू दे.

तो हिरमुसून मागच्या खिडकीशी आला. तिथं एक पागोटेवाला पेंगत होता. भुजंगचा चेहरा इतका पडला की प्रयागला राहवलं नाही. तिनं पागोटेवाल्याच्या खांद्यावरून अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, इकडं! मी आलेय!"